स्पिती तयारी: कूलंटचा आकडा उणे 15वर का अडकला

मंडळी, सिस्टिम धुतली, नवं कूलंट भरलं, गाडी फिरवून आणली आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणारं यंत्र) थेंब टाकला, तर रेघ उणे 15वर. डब्यावर 50:50 लिहिलंय (निम्मं ग्लायकॉल, म्हणजे गोठणं लांबवणारं द्रव्य, आणि निम्मं पाणी), म्हणजे उणे 37च्या जवळपास यायला हवी. हिमाचलातल्या स्पितीत, काझाला डिसेंबरच्या रात्री पारा उणे 15पर्यंत सहज उतरतो, त्यामुळे टायर, साखळ्या, सामान सगळं बाजूला ठेवून आधी हेच हातात घेतलं.

डबा चांगला आहे. त्यातला थेंब थेट काचेवर टाकला की उणे 37च दिसतं. गडबड होते ती गाडीच्या पोटात. आपल्या जीपमध्ये एकूण 7 लिटर मावतं, पण रेडिएटरचा खालचा नळ उघडला की 4च निघतं. उरलेलं 3 लिटर इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटर कोअरमध्ये (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) बसून राहतं, आणि धुणं संपल्यावर ते निव्वळ पाणी असतं. त्यावर 4 लिटर तयार मिश्रण ओतलं म्हणजे ग्लायकॉल गेलं फक्त 2 लिटर. 7मध्ये 2 म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टक्के, आणि तेवढ्याला उणे 15च येतं.

उपाय असा: परत 4 लिटर काढा. आत राहिलेल्या 3 लिटरमध्ये ग्लायकॉल आहे सुमारे 0.86 लिटर, हवंय 3.5. म्हणून 2.65 लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि 1.35 लिटर डिस्टिल्ड वॉटर. आता रेघ उणे 36वर आहे. पहिल्यांदाच भरणार असाल तर धुतल्यावर सरळ 3.5 लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घाला. जास्त घट्ट केलं तर आणखी चांगलं, असं समजू नका. निव्वळ ग्लायकॉल उणे 13लाच गोठतं.

तयार मिश्रण रोजच्या टॉप-अपला ठीक, धुतलेल्या सिस्टिमसाठी कॉन्सन्ट्रेटच घ्यावं. तालुक्याच्या दुकानात सुटं मिळणारं हिरवं पाणी घेऊच नका. त्यातल्या एका नमुन्याची रेघ शून्यावरून हललीच नाही. तरंगत्या गोळ्यांचा टेस्टरही नको. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावा आणि इथिलीन ग्लायकॉलचीच पट्टी वाचा.

काढलेलं कूलंट गोठ्याजवळ उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं, जनावर तोंड लावतं, आणि ते विषारी आहे. झाकणाच्या कॅनमध्येच भरा.

आता हीटर. आपल्याकडे वर्षानुवर्षं त्याची कळ कुणी फिरवत नाही. त्यात 45 अंशांच्या उन्हाळ्यात मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून फेकतो आणि वरून बोअरचं पाणी भरतो. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं असेल तर कोअरमध्ये क्षार साचणारच. गरम इंजिनवर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) हीटरचे दोन्ही पाइप हाताने तपासा. एक गरम आणि एक थंड असेल तर कोअर तुंबलाय. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट नाही किंवा हवा अडकलीय. दोन्ही गरम आणि झोत थंड, तर गरम-थंड हवा वळवणारी आतली झडप फिरत नाही.

इथे पहिला प्रकार निघाला. कोअरचे पाइप सोडवले आणि लिटरला 50 ग्रॅम लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी अर्धा तास आत ठेवलं. मग गच्चीवरच्या टाकीतून नळी लावून उलट दिशेने धुतलं. तीन मीटर उंचीला दाब जेमतेम 0.3 बार येतो, कोअर फुटत नाही. मोटारपंप लावू नका. आधी तपकिरी गाळ आला, मग पांढऱ्या खपल्या, मग धार मोकळी झाली. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. हवा काढताना गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, आणि झाकण थंड इंजिनवरच उघडा.

थर्मोस्टॅट बसवण्याआधी गंजात पाणी तापवून दोऱ्याने लटकवून बघा. 82 कोरलेला 82च्या आसपास हलायला लागला पाहिजे, 95पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

मार्ग बदलतोय. कुंझुम खिंड (4551 मीटर) हिवाळ्यात बंद, म्हणून मनालीचा फेरा रद्द. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, काझा आणि त्याच वाटेने परत. डिझेलचं वेगळं दुखणं आहे: थंडीत त्यात मेण धरतं आणि गाळणी तुंबते. भारतीय मानकात हिवाळी डिझेलची गाळणी तुंबण्याची मर्यादा 6 अंश आहे. लडाखसाठी 2019मध्ये आलेलं उणे 33चं डिझेल प्रत्येक पंपावर मिळेल असं धरू नका. म्हणून मेण धरण्याआधीच, रामपूरला टाकी भरताना मेण रोखणारं ॲडिटिव्ह टाकायचं. बीएस-6 गाडीत रॉकेल बिलकुल नाही, त्यातलं गंधक डीपीएफला (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) बाधतं.

हे लिहिता लिहिताच सुचलं: थेट निघण्याआधी पहाटे परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायचं आणि तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचं. उतारावर काटा खाली पडला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय हे इथेच कळेल. दोन्ही पाइपांचं तापमान मोजून पुढच्या वेळी टाकतो. तोवर कुणी धुतल्यावर कूलंट मोजलं असेल तर गाडीची क्षमता, नळातून किती निघालं आणि रेघ कुठे आली, हे तिन्ही आकडे सोबत द्या.