मोफत ग्रुप राईड लीड करताना: बागा, नदीकाठ आणि शेवटचा सायकलस्वार

मोफत राईडला कोण येईल याचा नेम नसतो. रोज पन्नास किलोमीटर मारणारा येतो, तशीच वर्षभर कोपऱ्यात पडलेली सायकल पुसून आणणारी व्यक्तीही येते. म्हणून मी रस्ता आखताना सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा वेग धरतो: ताशी १२ ते १४ किमी. २० किमीची राईड थांब्यांसकट दोन तासांत आरामात होते. पंधराच्या वर लोक जमले की दोन गट करून दहा मिनिटांच्या अंतराने सोडतो. त्याहून लांब रांग बागेत फिरायला आलेल्यांना जाचक होते.

निघण्याआधी प्रत्येकाची हवा, ब्रेक आणि चेन बघतो. किती हवा हवी ते टायरच्या कडेवर छापलेले असते. हवा कमी असताना चाक पायरीच्या किंवा फरशीच्या कडेवर आपटले, की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ब्रेकची मूठ हँडलला टेकत असेल, तर केबल ताणल्याशिवाय सायकल वाटेवर नेऊ देत नाही.

ग्रुप तुटतो तो बहुतेक वेळा अरुंद फाटकापाशी. बागेच्या तोंडाशी गाड्या अडवायला खांब असतात, त्यातून एकेकानेच जावे लागते. प्रत्येकाला तीन सेकंद धरा, पंधरा जणांत चाळीसेक सेकंद जातात. पुढचा तेवढ्या वेळात ताशी १४ च्या वेगाने दीडशे मीटर निघून जातो. मागचे ते अंतर भरायला जोर लावतात, आणि पुढच्या फाटकापर्यंत दमलेले असतात. म्हणून फाटक ओलांडल्यावर मी चालण्याच्याच वेगाने पुढे जातो. स्वीपने, म्हणजे कोणी मागे सुटू नये म्हणून सगळ्यात शेवटी राहणाऱ्या सायकलस्वाराने, हात वर केला, की मगच वेग घ्यायचा. स्वीप मात्र अनुभवीच हवा आणि पंप, ट्यूब, पाने त्याच्याकडेच हवेत, कारण बिघाड झालेला माणूस आपोआप मागेच पडतो.

वळणावर माझ्या लगेच मागे असलेल्या सायकलस्वाराला उभे करतो. स्वीप दिसेपर्यंत त्याने दिशा दाखवायची आणि मग स्वीपच्या पुढे रांगेत शिरायचे. पुढच्या वळणावर नवा माणूस उभा राहतो. यात फोन लागत नाही, रस्ता माहीत नसला तरी चालते. फक्त उभा राहिलेल्याने कंटाळून जागा सोडायची नाही, हे सुरुवातीलाच ठासून सांगावे लागते.

नदीकाठी सर्वांत फसवी जागा म्हणजे पुलाखालची. उन्हातून एकदम सावलीत गेल्यावर क्षणभर काही दिसत नाही, आणि नेमका तिथेच पुराचा गाळ किंवा शेवाळ साचलेले असते. ब्रेक आधीच दाबून वेग कमी करायचा. ओल्यावर आल्यावर हँडल सरळ, ब्रेक सोडलेला, पॅडल मारणे बंद. पुलाखालून वर येणारा चढ छोटा पण खडा असतो, म्हणून गिअर उतारावरच हलका करून ठेवायचा. चढावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते.

चालणाऱ्यांना घंटी वीसेक मीटर आधी, एकदाच. अगदी पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकतो आणि नेमका आपल्या वाटेत सरकतो. लहान मूल किंवा मोकळे कुत्रे दिसले तर थेट चालण्याच्या वेगावर यायचे.

पंक्चर झाले तर सगळे वाटेच्या एका बाजूला. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवायचे. काठावरच्या झुडपांचा काटा टायरमध्येच अडकून राहतो, आणि तो न काढता ट्यूब बसवली तर थोड्याच वेळात तीही पंक्चर होते. फडके जिथे अडेल तिथे काटा असतो. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडीशी हवा भरली की ती टायरखाली चिमटत नाही.

मधूनच घरी वळणाऱ्याने स्वीपला सांगूनच जायचे. नाहीतर शेवटी मोजताना एक माणूस कमी भरतो आणि सगळ्यांना नदीकाठ पुन्हा पालथा घालावा लागतो.