लायब्ररीत ज्येष्ठांचा कट्टा सुरू करताना: माझा अनुभव

आमच्या भागातल्या वाचनालयाचा हॉल दुपारी रिकामा असतो हे तिथल्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, पण आठवड्यातली एक दुपार म्हाताऱ्या माणसांना द्या म्हटलं की सगळ्यांना एकदम नियम आठवतात. अजूनही डोकं फिरतं माझं, म्हणून लिहून टाकते.

बाबा गेल्यापासून आई दिवसभर टीव्हीसमोर. गल्लीत अर्ध्या घरांत तेच, पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला. भजनी मंडळं नागपुरात भरपूर आहेत, मला वेगळं काहीतरी हवं होतं. प्रत्येकाने जुना फोटो किंवा एखादी वस्तू आणायची, त्यावर बोलायचं, कॉलेजच्या पोरांनी लिहून घ्यायचं, आणि जाताना त्याच विषयावरचं पुस्तक घरी न्यायचं. माणसं आईच्या फोनवरच जमली.

अडलं ते परवानगीत. अर्ज दिला तर क्लार्क म्हणे संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र लावा, एकट्या माणसाला हॉल देत नाही. माझी कुठली संस्था? मग म्हणे ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या लेटरहेडवर आणा. आणलं. मग कार्यकारिणीची मीटिंग होऊ द्या. ती महिन्यातून एकदा, त्यातही कोरम नाही म्हणून पुढे ढकलली. शेवटी झाली, तर "मॅडम, तुमचा अर्ज तर विषयपत्रिकेवर आलाच नाही ना!" का, तर आवक रजिस्टरला नोंदच नाही, अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. वर नवीन शंका, "कोणी काकाजी पायऱ्यांवरून पडले तर कोण पाहीन?" त्यासाठी हमीपत्र, 100 च्या स्टॅम्पपेपरवर. स्टॅम्पवाला हसला, 2024 च्या ऑक्टोबरपासून 100 ची जागा 500 ने घेतलीये. म्हणजे फुकटच्या कार्यक्रमासाठी पदरचे 500, आणि खुर्च्याही मीच लावायच्या!

सुटलं ते ग्रंथपाल मॅडममुळे. त्यांनी हळूच सांगितलं, हॉल मागूच नका, वाचनालयाचाच उपक्रम म्हणून द्या. अनुदान घेणाऱ्या वाचनालयांची तपासणी होते, अ-ब-क-ड वर्ग असतात, वार्षिक अहवालात दाखवायला उपक्रम त्यांनाही हवेच असतात. अर्जाचा विषय बदलून लिहिला, "ज्येष्ठ वाचकांसाठी साप्ताहिक उपक्रम सुरू करणेबाबत", आणि पुढच्या मीटिंगमध्ये चर्चेशिवाय मंजूर. हमीपत्राचं नावच नाही. ते आधी का नाही सांगितलं बाप्पा?

हां, एक राहिलं, पोस्टरवर "एकाकी ज्येष्ठांसाठी" असलं काही लिहू नका, कोणी फिरकणार नाही. आम्ही "जुनं नागपूर, तुमच्या तोंडून" लिहिलं तर लोक मित्रांना घेऊन आले.

एक काका पहिले काही आठवडे नुसते बसून जायचे. एक दिवस रुमालात गुंडाळलेला पितळी बिल्ला घेऊन आले, एम्प्रेस मिलचा, वर नंबर कोरलेला. मिल 1877 ची, जमशेदजी टाटांची, हे सगळ्यांना माहीत, पण भोंग्याचं बोलणं निघालं आणि कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, आम्ही त्या भोंग्यावरच स्टोव्ह पेटवायचो. झालं, सकाळचा पहिला भोंगा किती वाजता व्हायचा यावर दोघांची जुंपली. काकू पुढच्या आठवड्यात पुरावा म्हणून नणंदेला घेऊन आल्या. माझ्या आईने मधेच तोंड घातलं आणि दोघांनाही चूक ठरवलं.

बाकी सांगायचं तर, हॉल तळमजल्यावरचाच मागा, खुर्च्या हातवाल्या घ्या म्हणजे उठताना आधार होतो, आणि वर्गासारख्या रांगा न लावता गोल बसवा, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना समोरच्याचे ओठ दिसले पाहिजेत. दोघादोघांची जोडी लावून द्या, एक आला नाही तर दुसऱ्याने फोन करायचा. घरी त्रास असल्याचं कोणी सांगितलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, 14567, आम्ही नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

आता उन्हाळ्यासाठी वेळ सकाळची करायचीये, 45 डिग्रीत दुपारी कोण येईल? त्यासाठी पुन्हा अर्ज लागतो म्हणे. यावेळी झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलणार नाहीये मी.