धुऱ्यावरचं प्लास्टिक आणि एन्झाइम

पऱ्हाटीचा हंगाम आटोपला की धुऱ्यावर ढीग लागतो: मल्चिंगची पन्नी, ठिबकच्या नळ्या, खताची चुंगडी, औषधाचे डबे. 'प्लास्टिक खाणारं एन्झाइम' (एन्झाइम म्हणजे सजीवांतलं, रासायनिक बंध तोडू शकणारं प्रथिन) या बातमीनं हा ढीग हलणार नाही. पन्नी आणि नळ्या पॉलिथिलीनच्या, चुंगडी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची. त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत कार्बन-कार्बन बंध असतात आणि ते कारखान्यात तोडून देईल असं एन्झाइम आज हाती नाही. पन्नी जिरवणारी जिवाणू पावडर कोणी विकायला आणली तर पैसे घालवू नका.

एन्झाइम चालतं ते पीईटीवर, म्हणजे तळाशी त्रिकोणात 1 लिहिलेल्या पाण्याच्या बाटलीवर, कारण तिच्या साखळ्यांत एस्टर नावाचे बंध असतात आणि ते एन्झाइमला तोडता येतात. 2016 मध्ये जपानच्या साकाई शहरात पीईटी खाणारा जिवाणू सापडला, पण खरी मजल 2020 ची, फ्रान्समधल्या तुलूझची. कंपोस्टमधून मिळालेल्या एका एन्झाइममध्ये कॅल्शियम बसायच्या जागी गंधकाचा पूल घातला, त्यामुळे ते उष्णतेत टिकू लागलं. एक किलो मिश्रणात 200 ग्रॅम पीईटी, दर ग्रॅमला 3 मिलीग्रॅम एन्झाइम, तापमान 72 अंश: 10 तासांत 90 टक्के पीईटी सुटं झालं. 72 च का? त्याच्या बरंच खाली साखळ्या सैल होत नाहीत, आणि 75 च्या वर पीईटी भराभर स्फटिक बनून कडक होतं, मग एन्झाइमला शिरायला जागा उरत नाही. फुगवून ताणलेली बाटली मुळातच अशी स्फटिकमय. म्हणून आधी ती वितळवून झटक्यात थंड करावी लागते, मग बारीक दळायची.

खर्चाची मेख पुढे आहे. पीईटीतून सुटं झालेलं टेरेफ्थॅलिक आम्ल (पीईटीच्या साखळीचा एक घटक) पाणी आंबट करतं, त्यामुळे सामू 8 वर धरायला कॉस्टिक सोडा सतत सोडावा लागतो. हिशोबानं टनभर पीईटीला सुमारे 415 किलो. नंतर ते आम्ल वेगळं काढायला गंधकाम्ल घातलं की टनामागे 740 किलोच्या आसपास सोडियम सल्फेट उरतं. एवढा पसारा गावात मांडता येत नाही.

गावात करायचं ते निवडण्याचं काम. बाटल्यांत पीव्हीसी पाइपाचा तुकडा जाऊ देऊ नका. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे धुताना वेगळे होत नाहीत, आणि पीईटी वितळवताना पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटून सगळा माल काळवंडतो. झाकणं राहिली तरी चालतात, ती तरंगतात. औषधाचे डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, डब्याला भोक पाडा आणि बाटल्यांपासून वेगळे ठेवा. पन्नी वाळवून, माती झटकून गुंडाळा. मातीसकट दिली तर कबाडी ती घेत नाही.