गटारीच्या रात्री, ठाण्यात

ओहायोतल्या अॅक्रनला बदली झाली, हे सांगितल्यावर ठाण्यातले नातेवाईक "न्यूयॉर्कपासून किती लांब?" एवढंच विचारत. दादा मात्र फोनवरच ओरडला, "अगं, तू आमच्या पंढरीत चाललीस!"

पंढरी म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची, त्यांच्या भाषेत 'एए'ची. मे १९३५. धंद्यात आपटी खाल्लेला बिल विल्सन इथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभा. एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. त्याने फोन उचलला आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा शोधून मागितला, बोलायला. भेटले डॉ. बॉब स्मिथ. १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. तोच एएचा वाढदिवस. डॉक्टरांचं घर अजून जपलंय, जूनमध्ये तिथे अक्षरशः वारी लोटते.

माझा इथला सहकारी "आज माझी मीटिंग आहे" म्हणून सहज निघतो. आमच्याकडे दादा संध्याकाळी कुठे जातो, असं कुणी विचारलं की आई "क्लासला" म्हणायची. पंचेचाळिसाव्या वर्षी कसला क्लास, हे विचारायची हिंमत मावशीलाही झाली नाही.

यंदा गटारीला मी घरी होते. मटणाच्या दुकानापुढे सकाळपासून रांगा. दादाच्या ग्रुपने त्याच संध्याकाळी मुद्दाम ओपन मीटिंग ठेवलेली, म्हणजे घरच्यांनाही मुभा. नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून रिक्षावाले, बँकेतून रिटायर झालेले, एक कॉलेजचा मुलगा. "मी अमुक, मद्यपी," आणि सगळ्यांचं एकसुरी "हाय!" अगदी अॅक्रनसारखं, फक्त नंतर कॉफीऐवजी कटिंग. एक काका म्हणाले, "पगाराच्या दिवशी मी अजून तलावपाळीला वळसा घालून घरी जातो. सरळ रस्त्यावर माझा जुना बार आहे." कुणी उपदेश केला नाही, माना तेवढ्या हलल्या. मग खर्चासाठी डबा फिरला. मी पाचशेची नोट काढली, तर दादाने हात धरला. बाहेरच्यांचे पैसे घेत नाहीत.

रात्री अकराला फोन आला. कॉलेजचा तो मुलगा स्टेशनजवळ उभा होता, मित्र बोलावत होते. दादा चपला शोधू लागला.

"अरे, एवढ्या पावसात?" आई.

"त्याच्याएवढीच मलाही गरज आहे गं आज," म्हणत तो उतरलासुद्धा.

दीड वाजता दोघंही भिजून आले. आईने मुलाला नावही विचारलं नाही. टॉवेल दिला, कोंबडीचा रस्सा पुन्हा गॅसवर चढवला आणि वडे थापायला बसली.