तेरा, पण कसे?

ब्रिजच्या स्पर्धांत मी डायरेक्टर असतो, म्हणजे पंच. नातेवाईक अजून विचारतात, "पत्ते खेळवायचे पैसे मिळतात?" २०१८ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्ण आणलं, तेव्हा आठवडाभर हा प्रश्न बंद होता. मग पुन्हा सुरू झाला.

"डायरेक्टर!" अशा हाका दिवसभर येतात. कुणी पाळी नसताना पान टाकलेलं असतं, कुणी रंग असून दिलेला नसतो. चहा गार व्हायच्या आत निकाल देऊन परत येता येतं. नऊ नंबरच्या टेबलावरची हाक तशी नव्हती.

साउथला, म्हणजे दक्षिणेच्या खुर्चीवर, काका होते. समोरचा नॉर्थ त्यांचा जोडीदार, ईस्ट-वेस्ट प्रतिस्पर्धी. पंच्याहत्तरी उलटलेली, हात संथ, मोजणी पक्की. काँट्रॅक्ट, म्हणजे जिंकलेली बोली, सात इस्पिक: इस्पिक हुकूम, आणि तेराच्या तेरा हात (ग्रँड) करायचे. (टेबलावर सगळे स्पेड-हार्ट म्हणतात, मला घरची नावं बरी वाटतात.) ईस्टने सुरुवातीलाच तीन बदामची बोली दिलेली, जी सहसा सात पानांवर देतात.

बाकी सगळं पक्कं, अडचण फक्त किलवरच्या राणीची. काकांकडे एक्का, दश्शी, नव्वी, पंजी. डमीत, म्हणजे जोडीदाराच्या उघड्या मांडलेल्या पानांत, राजा, गुलाम आणि एक छोटं. राणी वेस्टकडे असेल तर हातातून दश्शी सोडायची, ईस्टकडे असेल तर डमीतून गुलाम. बाजू चुकली की ग्रँड बुडाला. घाईचा खेळाडू इथे छापा-काटा करतो.

काकांनी किलवरला हातच लावला नाही. वेस्टचं पहिलं पान, बदामाची नव्वी, राजाने घेतलं. दोन फेऱ्यांत हुकूम काढले, दोघांकडे दोन-दोन निघाले. मग चौकटचा राजा, एक्का, आणि तिसरी चौकट हातात हुकमाने मारली. बदामाच्या एक्क्याने डमीत जाऊन चौथीही मारली. या मारामारीतून एकही हात वाढत नव्हता, ती निव्वळ पानं मोजायला होती. चौथ्या चौकटीवर ईस्टने बदाम टाकलं. दोन इस्पिक, तीन चौकट, सात बदाम झाले बारा. ईस्टकडे किलवर एकच, वेस्टकडे पाच. म्हणजे राणी वेस्टकडे असण्याची शक्यता सहात पाच. ईस्टने बोली सहाच बदामांवर ठोकली असेल, तरी सहात चार. हा खेळ मी शिकवताना फळ्यावर मांडतो. टेबलावर क्वचितच बघायला मिळतो.

पाच पानं उरली होती. काकांनी ती उघडी ठेवली आणि म्हणाले, "तेरा."

बस्स, एवढंच.

वेस्टचा मुलगा कॉलेजातला, बोलायला नम्र. "सर, राणी माझ्याकडेच आहे. पण ती कशी पकडणार, ते यांनी सांगितलं नाही." ब्रिजमध्ये कायदा पाठ असलेली ही नवी पोरं मला आवडतातही आणि नकोशीही होतात. मुलगा बरोबर होता.

कलम ६८ म्हणतं, क्लेम करताना, म्हणजे उरलेले हात न खेळता मागताना, पुढचा खेळ लगेच सांगा. कलम ७० म्हणतं, एखादं पान या प्रतिस्पर्ध्याकडे आहे की त्या, यावर ज्याचं यश ठरतं असा न सांगितलेला खेळ मान्य करू नका. त्या रंगात कुणी आधीच संपलेला असेल, किंवा कुठल्याही 'नॉर्मल' खेळात पुढे संपलेला दिसणार असेल, तरच सूट. ईस्टचं किलवर संपलेलं दिसणार होतंच, पण कधी? आधी एक्का आणि मग दश्शी खेळली, तर डमीतून काय टाकायचं ते ठरल्यावर. आधी राजा खेळला, तर वेळेत दिसतं, पण तोवर राणी एक्क्याच्या मागे सुरक्षित बसलेली. आणि 'नॉर्मल'मध्ये त्या दर्जाच्या खेळाडूचा निष्काळजी खेळही धरायचा. दोन चौकटी उगाच मारून पानं मोजणारा माणूस तिथे निष्काळजी राजा खेळेल? मला विचाराल तर नाही.

मुख्य डायरेक्टरला विचारलं. मोबाईलवरची नजर न काढता तो म्हणाला, "सांगितलं नाही ना? मग एक डाऊन." त्या खुर्चीत बसलं की सगळी कलमं एका ओळीची होतात.

एक डाऊन, म्हणजे एक हात कमी, दिला. सामना संघांचा, दुसऱ्या टेबलावर हीच पानं विरुद्ध संघाकडे होती. तिथे सहाच इस्पिकची बोली होती, तिथल्या गड्याने राणीची बाजू चुकवून बारा हात केले, १४३० गुण. काकांना २२१० मिळायचे ते उणे १०० झाले. १३ आयएमपी (दोन टेबलांच्या गुणांतल्या फरकावरून मिळणारे सांघिक गुण) कमवण्याऐवजी १७ गेले.

"ईस्टची बारा पानं मोजली होती मी," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"माहीत आहे काका. पण ते पानं ठेवतानाच बोलायला हवं होतं."

"मघाशी तूच आलास ना घड्याळ दाखवत?"

आलो होतो. दोन बोर्ड, म्हणजे दोन डाव, आधी. संथ खेळाची ताकीद दिली होती, पुढच्या वेळी पेनल्टी म्हणालो होतो. पाच पानं खेळायला त्यांना दोन मिनिटं लागली असती.

मी अपिलाचा फॉर्म पुढे केला. त्यांनी त्याची घडी घालून बिडिंग बॉक्सखाली सरकवली. "राहू दे. राउंडला उशीर होईल."