नोंद ३ : "चादर रु." मधला र कुठे गेला?

सरावाची फाइल मागचीच. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापड दुकानात असते तशी दरयादी, एका ओळीला एक माल: "चादर रु. ४५०", "टर्किश टॉवेल रु. १२०", "पांढऱ्या चादरी रु. १,२००". प्रत्येक ओळीतून नाव आणि दर वेगळे काढायचे, दराची संख्या करायची आणि चादरी-टॉवेलांची बेरीज वेगवेगळी घ्यायची. भाषा पायथन ३. मेथडची (मजकुरावर काम करणाऱ्या तयार आज्ञांची) नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमनमध्येच लागतात. व्हेरिएबलला "ओळ", "दर" अशी देवनागरी नावं मात्र पायथन ३ मध्ये खुशाल चालतात.

आधी तुकडे. ओळ.स्प्लिट(" ") हा पहिला मोह, आणि तो फसतो. यादी हाताने टाइप केलेली असते, मध्येच दोन-तीन स्पेस पडलेल्या असतात आणि प्रत्येक जादा स्पेसमागे एक रिकामी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) हाती येते. कंस रिकामा ठेवून नुसतं स्प्लिट() म्हटलं की सलग स्पेस एकच धरल्या जातात. पण "टर्किश टॉवेल" हे नाव दोन शब्दांचं, त्यामुळे तुकड्यांची संख्या ओळीगणिक बदलते. दर कायम शेवटी आहे, म्हणून तोडायचं उजवीकडून आणि एकदाच: ओळ.आरस्प्लिट(मॅक्सस्प्लिट=1). आता हमखास दोनच तुकडे, "चादर रु." आणि "४५०".

नावामागचा "रु." काढताना या टप्प्यावरची खरी गंमत दिसते. नाव.आरस्ट्रिप(" रु.") चालवलं की "टर्किश टॉवेल" अगदी नीट निघतो. चादरीचं मात्र "चाद" होतं. कारण पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका वाक्यात लिहिलेलं आहे: कंसात दिलेली अक्षरं म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, तो सुट्या अक्षरांचा संच आहे. आरस्ट्रिप उजवीकडून एकेक अक्षर बघतं. टिंब संचात आहे, उकार आहे, र आहे, स्पेस आहे, हे सगळं गेलं. मग चादरीतला र समोर आला, तोही संचात आहे, तोही गेला. द संचात नाही, तिथे थांबलं. टॉवेल वाचला तो केवळ ल मुळे. म्हणून एका ओळीवर चाललेल्या कोडवर विश्वास टाकू नये. इथे हवी ती मेथड रिमूव्हसफिक्स(" रु."). ती पायथन 3.9 पासून आहे. जुन्या आवृत्तीवर शेवट तोच आहे का हे एंड्सविथने तपासून तेवढा भाग स्लाइसने कापावा.

दराकडे येऊ. इंट("४५०") सरळ 450 देतं, देवनागरी आकडे पायथनला कळतात. "१,२००" वर मात्र व्हॅल्यूएरर (किंमत चुकीची असल्याची तक्रार) येतो, स्वल्पविराम आधी काढायला हवा. तिथे दर.रिप्लेस(",", "") लिहूनही स्वल्पविराम जागचा हलत नाही, असं नवशिक्यांना वाटतं. रिप्लेस नवी प्रत परत देतं, मूळ स्ट्रिंगला हात लावत नाही. स्ट्रिंगची कुठलीच मेथड लावत नाही. दर = दर.रिप्लेस(",", "") असं लिहा.

डॉक्युमेंटेशन वाचताना आधी एवढंच शोधावं: ही मेथड परत काय देते? मग कंसात काही न दिल्यास काय धरते, ते. फाइंड(सब[, स्टार्ट[, एंड]]) मधले चौकोनी कंस टाइप करायचे नसतात, आतलं ऐच्छिक आहे एवढाच त्यांचा अर्थ. हेल्प(एसटीआर.स्ट्रिप) मध्ये दिसणारी तिरकी रेघही टाइप करायची नसते, तिच्याआधीचे आर्ग्युमेंट (कंसात दिलेल्या किमती) नाव न घेता, जागेनुसार द्यायचे असतात.

"चादर" शब्द ओळीत आहे का, हे इफ ओळ.फाइंड("चादर") ने तपासलं की निकाल फसवा येतो. शब्द सुरुवातीलाच असेल तर 0 मिळतं, म्हणजे खोटं. मुळीच नसेल तर -1, म्हणजे खरं. असण्या-नसण्यासाठी "इन" वापरा, असं डॉक्युमेंटेशन स्वतःच सांगतं.

आता देवनागरीचा खास भाग. लांबी मोजणारं लेन("सोलापूर") चार नाही, सात येतं. मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. याच कारणाने "सोलापूर".इजअल्फा(), म्हणजे सगळी अक्षरंच आहेत का ही तपासणी, फॉल्स (खोटं) देतं. ही मेथड युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाणित यादीच्या) "अक्षर" गटातलीच चिन्हं मानते आणि मात्रा त्या गटात नाहीत. सोलापुरात यादी कन्नड किंवा तेलुगूत आली तरी हेच होणार. नाव आणि दर ओळखायला इजअल्फा वापरू नये.

"पांढऱ्या" हा शब्द सर्वात चिवट. पडद्यावर एकसारखा दिसतो, पण टाइप तीन तऱ्हांनी होतो: थेट ऱ (लांबी 8), र आणि खालचा नुक्ता, म्हणजे टिंब (9), किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचं जोडचिन्ह (9). तिन्हींची तुलना केली तर फॉल्स. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ("एनएफसी", नाव) ने एक होतात. तिसरी होत नाही. तिथे र-हलन्त-झेडडब्ल्यूजे या त्रिकुटाच्या जागी ऱ-हलन्त रिप्लेस करावं लागतं. संशय आला की प्रिंट(एएससीआयआय(नाव)) करा, न दिसणारं सगळं उघडं पडतं. फाइलच्या पहिल्याच ओळीशी तुलना जुळत नसेल तर सुरुवातीला बीओएम (फाइलच्या तोंडाशी असलेलं न दिसणारं खूणचिन्ह) असू शकतो. स्ट्रिप() ने तो जात नाही. फाइल "यूटीएफ-८-सिग" एन्कोडिंगने उघडावी.

राहिलाय तो छापील तक्ता. नाव पंधरा चिन्हांपर्यंत स्पेसने भरणारं एलजस्ट(१५) मात्रा धरून मोजतं, त्यामुळे देवनागरी रकाने वाकडे येतात. तूर्तास निकाल सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने तोडलेल्या साध्या फाइलीत) लिहिला आहे, रकान्यांची काळजी एक्सेलकडे.