दोन कुंड्या, दोन हिरवे

"उन्हानं भाजली असेल काकू, जरा आत घ्या." फोनवर बोललेलं हे वाक्य गेला महिनाभर माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी पुण्यात एका नर्सरीत कीटकभक्षी झाडं सांभाळतो. दिवाळीनंतर कोथरूडच्या एका काकूंनी ड्रॉसेरा स्पॅट्युलाटाच्या दोन कुंड्या नेल्या, एकाच ट्रेमधल्या. रुपयाएवढं झाड, चमच्यासारखी पानं आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. घरी दोन्ही कुंड्या दक्षिणेच्या एकाच खिडकीत ठेवल्या. तीन आठवड्यांनी फोन आला, "अहो दादा, एक छान हिरवंगार झालंय, पण दुसरं लालभडक पडलंय. रोग आहे का काही?"

खिडकी एक, ऊन एक, मग दुसरं झाड हिरवं का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. शनिवारची गर्दी होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि मी वरचं उत्तर देऊन फोन ठेवला. पंधरा दिवसांनी काकूंनी आनंदानं कळवलं, आता दोन्ही हिरवी झाली. त्यानंतर आठवड्यानं तिसरा फोन: "चिकटाच राहिला नाही हो. चिलट बसतं आणि उडून जातं."

मग मात्र मी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर, उजेड मोजणारं लक्स मीटर आणि दोन लिटर डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यांच्या घरी गेलो. फोटोवरून या झाडांचं निदान करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मनानं दुरुस्त करतो, आणि आमच्या कामात सगळा प्रश्न रंगाचाच असतो.

लांबून दोन्ही झाडं सारखीच हिरवी दिसत होती. भिंग लावल्यावर वेगळेपण दिसलं. आत घेतलेल्या झाडाची पानं पोपटी, पातळ. देठ ताणून उजेडाकडे मान वर केलेली. केस होते, पण थेंब नावाला. खिडकीच्या कट्ट्यावर लक्स मीटरनं 14,000 दाखवले होते, या झाडापाशी 700. आपल्या डोळ्यांना तिथेही लख्ख वाटतं, कारण डोळा लगेच सरावतो. झाडाला मात्र ती संध्याकाळच.

खिडकीतल्या झाडाचा हिरवा गडद होता. पानं जाड, रुंद, टोकं तपकिरी, केस आखूड आणि कोरडे. कुंडीही आमची नव्हती, चिनीमातीची होती. काकू म्हणाल्या, "तुमच्या त्या शेवाळात काहीच नव्हतं. म्हणून कोकोपीट आणि गांडूळखत घातलं. एवढंसं झाड, त्याला उपाशी ठेवायचं का?" कुंडीतून डिस्टिल्ड पाणी झिरपवून खाली वाटीत घेतलं. टीडीएस 410. दुसऱ्या कुंडीतलं 38. या झाडांना मी 50 च्या वर जाऊ देत नाही.

इथे मला काकूंना दोष देता येत नाही. आमच्याच नर्सरीत "वर्मीकंपोस्ट सगळ्याला चालतं" असं गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगणारे आहेत, आणि कुंडीवरच्या चिठ्ठीत मातीबद्दल एक अक्षर नाही. घरच्या आरओचं पाणी चालेल असंही आम्ही सर्रास सांगतो. पण बऱ्याच मशिनांत चवीसाठी क्षार परत मिसळतात, हे कोण तपासतं?

कृषी पदविकेत आम्ही घोकलं होतं, पान जांभळट झालं की स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी. नत्र-स्फुरद कमी पडलं की वाढ थांबते, पानात साखर साठते आणि अँथोसायनिन हा लाल रंग तयार होतो. मक्यात आम्ही ते कमतरतेचं लक्षण मानतो. प्रखर उजेडातही हाच रंग बनतो, तिथे तो पानाला ऊन सोसायला मदत करतो. म्हणजे ड्रॉसेराचा लाल दोन कारणांनी येतो: ऊन भरपूर, आणि मुळाशी काहीच नाही. कासच्या सड्यावर सप्टेंबरात दवबिंदू, म्हणजे आपल्याकडचा रानातला ड्रॉसेरा, पाहा. जांभ्यावर बोटभर माती, तिच्यातलं अन्न पावसानं धुऊन नेलेलं, आणि उघड्यावर ही लाल चिमुकली झाडं किडे धरून नत्र मिळवतात. काकूंच्या एका झाडाचं ऊन मी काढून घेतलं होतं. दुसऱ्याला मुळाशीच आयतं जेवण मिळालं होतं.

काकू सगळं ऐकून म्हणाल्या, "मग लाल म्हणजे बरी की उपाशी?"

मी म्हणालो, "दोन्ही." त्यांना ते पटलं नाही. मलाही उत्तर पुरं वाटलं नाही. गिऱ्हाईक लाल पाहून पैसे मोजतं, आणि आम्ही तो रंग तब्येतीची खूण म्हणून विकतो. उद्या हेच झाड चार चिलटं खाऊन थोडं हिरवं पडलं तर ते बिघडलं म्हणायचं का? माझ्या मते नाही, थेंब भरलेले असतील तर मुळीच नाही. मी आता रंगाआधी थेंब बघतो.

खतातलं झाड उपटलं तेव्हा काकू घाबरल्या, मुळं काळी होती. ड्रॉसेराची मुळं मुळातच काळी असतात; मी ती ओढून दाखवली, टणक होती. डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुऊन नव्या स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे आमच्या त्याच शेवाळात, लावलं. भरवसा नव्हता म्हणून तीन पानं कापून ओल्या मॉसवर पसरली, डबा झाकला. पोपटी झाड एकदम उन्हात न नेता रोज वीतभर पुढे सरकवायला सांगितलं.

काल परत गेलो होतो. पोपटी झाडाच्या जुन्या पानांत फरक नाही, पण मधून आलेल्या दोन नव्या पानांचे केस लाल आहेत आणि थेंब टपोरे. खतातलं झाड गेलं. मॉसवरच्या एका पानाच्या कडेला मात्र टाचणीच्या डोक्याएवढे दोन कोंब दिसले, हिरवे. काकूंनी भिंग माझ्या हातून घेतलं आणि बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या.